आधी शब्द, मग वाद्य : ब्रिक्स्टनच्या कवीचा बँड

बँड म्हटले की आपल्या वस्तीतल्या माणसाला वरातीतला बँड आठवतो, आणि कवी म्हटले की वामनदादा कर्डक. परंतु कवी हाच बँडचा पुढारी, तो गात नाही, नुसता बोलतो आणि त्याच्या मागे ड्रम, बेस गिटार व पितळी वाद्ये वाजवणारी कसलेली माणसे त्याच्या बोलण्याची लय धरून चालतात, असा एक प्रकार लंडन शहरात १९७८ साली सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे चालला. त्या कवीचे नाव लिंटन क्वेसी जॉन्सन. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. पण हा माणूस पँथर होता, एवढे सांगितले की वाचक कान टवकारतील असे आम्हांस वाटते.

आपली दलित पँथर १९७२ साली मुंबईत उभी राहिली आणि तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, हे आपल्याकडे घराघरांत ठाऊक आहे. मात्र लंडनमध्येही १९६८ पासून ब्लॅक पँथर चळवळ होती, हे फारसे कोणी सांगत नाही. ती अमेरिकेतल्या पक्षाची शाखा नव्हती. नाव आणि स्फूर्ती तिकडची, उभारणी स्थानिक लोकांची. त्रिनिदादहून शिकायला आलेली अल्थिया जोन्स-लकॉइंट ही तरुणी तिची पुढारी होती. आपल्या पुण्याचे फारुख धोंडी आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेलेल्या माला सेन हे दोघे भारतीयही त्या चळवळीत होते. त्या काळी तिथल्या चळवळीत ‘ब्लॅक’ या एका शब्दाखाली आफ्रिकेचे, कॅरिबियन बेटांचे आणि भारत-पाकिस्तानातून गेलेले कष्टकरी असे सगळेच येत. मालक आणि पोलीस ज्यांना एकाच मापाने मोजत, त्यांनी स्वतःलाही एकच मोजले.

लिंटनचा जन्म जमैका बेटावरच्या चॅपलटन या खेडवजा गावी २४ ऑगस्ट १९५२ रोजी झाला. घरची गरिबी. आई पोटासाठी इंग्लंडला गेली आणि पोरगा आजीजवळ राहिला. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून हा तिला बायबल वाचून दाखवी. त्या घरात दुसरे पुस्तक फारसे नव्हतेच. आजीच्या तोंडची गाणी, कोडी, भुताखेतांच्या गोष्टी आणि बायबलची ती जड भाषा, एवढी पुंजी घेऊन १९६३ साली अकरा वर्षांचा मुलगा लंडनच्या ब्रिक्स्टन भागात आईकडे आला.

ब्रिक्स्टन म्हणजे कॅरिबियन कामगारांची वस्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडला माणसे कमी पडली तेव्हा या लोकांना बसगाड्यांवर, रेल्वेत, इस्पितळांत आणि कारखान्यांत काम मिळाले, पण राहायला खोली मागितली की दार बंद होई. शाळांतही तीच तऱ्हा. कॅरिबियन मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या शाळांत ढकलले जाते, हे बर्नार्ड कोअर्ड या शिक्षकाने १९७१ साली एक छोटी पुस्तिका काढून दाखवून दिले, तेव्हा आईबापांनी स्वतःच्या शनिवारच्या शाळा वाढवल्या. अशा वातावरणात शाळेत असतानाच लिंटन पँथरच्या युवक शाखेत गेला.

तिथे नुसत्या घोषणा नव्हत्या. अभ्यासवर्ग होते आणि पुस्तके प्रकरणाप्रकरणाने वाचून त्यांवर चर्चा होई. पँथरच्या त्या लहानशा ग्रंथालयात त्याच्या हाती डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हे १९०३ सालचे पुस्तक लागले. काळा माणूस पुस्तक लिहितो, हेच त्याला शाळेत कोणी सांगितले नव्हते. ते पुस्तक वाचून आपण कवितेकडे वळलो, असे त्याने अनेकदा सांगितले आहे. वाचकहो, हे तेच डू बॉइस, ज्यांना परमपूज्य बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले, तेव्हा त्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या आणि डू बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैअखेर उत्तर पाठवले. मुंबईहून निघालेला तो धागा आणि ब्रिक्स्टनच्या पोराला कपाटात सापडलेले ते पुस्तक, दोन्ही एकाच माणसाशी जाऊन मिळतात, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते.

पुढे त्याने लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात समाजशास्त्राची पदवी घेतली. तत्पूर्वी १९७२ मध्ये ब्रिक्स्टनच्या बाजारात पोलीस एका तरुणाला धरताना त्याने पाहिले. पँथरची शिकवण अशी की, अशा वेळी पोलिसांचे बिल्ले-नंबर लिहून घ्यावेत. तो लिहू लागला, तर त्यालाच धरून गाडीत घातले आणि मारले. शिकवणीतला धडा अंगावर वळ उठून पाठ झाला, तो असा. नंतर ‘रेस टुडे’ या मासिकाभोवती जमलेल्या गटात तो गेला. डार्कस हाऊ हे त्याचे संपादक. धोंडी आणि माला सेन तिथेही होते. पूर्व लंडनमधल्या बेघर बंगाली कुटुंबांनी रिकाम्या घरांचा ताबा घेण्याची जी चळवळ केली, तिच्या पाठीशी हाच गट उभा राहिला.

आता संगीताकडे येऊ. इंग्लंडात १९७६-७७ साली ‘पंक’ नावाच्या संगीताने धुमाकूळ घातला. तीन सूर येत असले तरी पुरे, रागाने ओरडा, अशी ती रीत. तिचा भर ओसरल्यावर काही मंडळींनी पुढचा रस्ता धरला. त्यांनी जमैकाचा रेगे, अमेरिकेतला फंक, कविता, नुसता गोंगाट, जे हाती लागेल ते एकत्र करून नवे प्रयोग मांडले. जाणकार याला ‘पोस्ट-पंक’ म्हणतात. काळही तसाच होता. ‘नॅशनल फ्रंट’ हा वंशद्वेष्टा पक्ष रस्त्यावर मोर्चे काढत होता आणि त्याच्या विरोधात १९७६ मध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ नावाची गायक-वादकांची आघाडी निघाली होती. गोरी बेकार पोरे आणि काळी बेकार पोरे एका व्यासपीठासमोर प्रथमच जमत होती.

लिंटन त्याआधीच ‘रास्ता लव्ह’ नावाच्या ढोलवादकांबरोबर कविता म्हणत असे. व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीत तो रेगे गायकांच्या परिचयाचे मजकूर लिहून देण्याचे किरकोळ काम करी. कंपनीने त्याचीच रेकॉर्ड काढायचे ठरवले आणि १९७८ साली ‘ड्रेड बीट अँड ब्लड’ बाहेर पडली. रेकॉर्डवर नाव होते ‘पोएट अँड द रूट्स’, म्हणजे कवी आणि त्याची मुळे. नावातच कवी आधी. त्या वर्षाच्या नाताळात जॉन लायडनच्या ‘पब्लिक इमेज लिमिटेड’ या नामांकित पोस्ट-पंक बँडचे लंडनच्या रेनबो थिएटरात जे पहिले कार्यक्रम झाले, त्यांतही हा कवी होता. त्याच १९७८ साली आपल्याकडे दया पवारांचे ‘बलुतं’ आले. दोन्हीकडे बोलीने छापखान्यात पाऊल टाकले होते. लिंटन जमैकाची घरगुती बोली जशी कानावर पडते तशी लिहीत होता, इंग्लंड हा शब्दसुद्धा आपल्या उच्चाराप्रमाणे ‘इंग्लन’ असा. शुद्धलेखनवाल्यांचा जळफळाट झाला. एका वजनदार इंग्रजी साप्ताहिकाने तर पुढे असे लिहिले की, या कवितांमुळे शाळांतली पोरे निरक्षर आणि दंगेखोर झाली!

या रेकॉर्डपासून डेनिस बोव्हेल हे नाव त्याच्याशी जोडले गेले, आणि बँडची खरी कथा या दोघांची आहे. बोव्हेल १९५३ साली बार्बाडोस बेटावर जन्मला, बारा वर्षांचा असताना लंडनला आला. तो स्वतः वाजवी आणि मोठमोठे कर्णे लावून रेकॉर्ड वाजवणारी ‘साउंड सिस्टीम’ही चालवी, आपल्या जयंतीच्या डीजेची ती थोरली बहीण म्हणावी. १९७४ च्या ऑक्टोबरात एका क्लबात तो असाच कार्यक्रम करत असताना पोलीस घुसले, हाणामारी झाली आणि मायक्रोफोनवरून जमावाला चिथावले असा आरोप बोव्हेलवर आला. लांबलेल्या खटल्यानंतर तीन वर्षांची शिक्षा झाली. सहा महिने तुरुंगात काढल्यावर अपिलात तो सुटला. म्हणजे बँडच्या कवीने पोलिसांची गाडी पाहिली होती आणि बँडच्या कारागिराने तुरुंग.

बोव्हेलची करामत ‘डब’मध्ये होती. डब म्हणजे काय, हे गायन पार्टीतल्या मंडळींसाठी थोडे सांगतो. जमैकात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला त्याच गाण्यातून आवाज काढून टाकलेले वादन भरण्याची पद्धत पडली. किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी त्यात ड्रम आणि बेस पुढे आणले, बाकीची वाद्ये मधूनच गुप्त करून मधूनच प्रतिध्वनीसह परत आणली. ढोलकी आणि तुणतुणे तेवढे चालू राहावे, पेटी मध्येच थांबावी आणि तिचा एकच सूर विहिरीतून यावा तसा घुमत यावा, तसे काहीसे. त्या मोकळ्या जागेत साउंड सिस्टीमवाले बोलू लागले. लिंटनने या बोलण्याला कविता मानले आणि ‘डब पोएट्री’ हा शब्द वापरला. कविता लिहिताना आपल्या डोक्यात बेसची चाल वाजत असते, असे तो सांगतो. म्हणून त्याचे शब्द वादनावर चिकटवल्यासारखे वाटत नाहीत. बोव्हेलने त्या शब्दांना जागा ठेवली.

विशेष म्हणजे १९७९ या एका वर्षात याच बोव्हेलने ब्रिस्टलच्या ‘द पॉप ग्रुप’ची ‘वाय’ आणि ‘द स्लिट्स’ या मुलींच्या बँडची ‘कट’ या पोस्ट-पंकमधल्या दोन गाजलेल्या रेकॉर्ड घडवल्या, आणि त्याच वर्षी लिंटनची ‘फोर्सेस ऑफ व्हिक्टरी’ आली. गोऱ्या पोरापोरींना प्रयोग शिकवणारा हात काळ्या कामगार वस्तीतला होता. त्या संगीताचे इतिहास लिहिणाऱ्यांनी बोव्हेलला आणखी ठळक जागा द्यायला हवी, असे आमचे मत आहे.

‘फोर्सेस ऑफ व्हिक्टरी’वर ‘सनीज् लेटा’ नावाची कविता आहे. ब्रिक्स्टनच्या तुरुंगातून सनी नावाचा मुलगा आईला पत्र लिहितो. धाकट्या भावाला जपण्याचे वचन त्याने आईला दिलेले. दोघे बसची वाट पाहत उभे असताना पोलीस येऊन धाकट्याला मारू लागतात, थोरल्याला राहवत नाही, त्याच्या हातून एक पोलीस मरतो. धाकट्यावर ‘सस’चा गुन्हा, थोरल्यावर खुनाचा. पत्र कल्पित आहे. ‘सस’ मात्र कल्पित नव्हता. १८२४ सालच्या भटकेगिरीच्या कायद्यातले ते कलम. एखाद्याच्या मनात चोरी आहे असा संशय आला की पोलीस त्याला धरीत, दोन पोलिसांची साक्ष पुरे, फिर्यादी लागत नसे. याच राज्यकर्त्यांनी १८७१ साली आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तेव्हा संशयावर माणूस डांबण्याची कला त्यांना घरचीच होती. काळ्या मुलांच्या आयांनी या कलमाविरुद्ध मोहीम चालवली, आणि १९८१ मध्ये ते रद्द झाले. एका कवितेने कायदा बदलला असे आम्ही म्हणणार नाही. ज्या आयांना सभेत बोलता येत नव्हते त्यांच्या मनातले ती बोलली, एवढे खरे.

लिंटनच्या रेकॉर्डवर अशा कितीतरी फायली उघडलेल्या दिसतात. कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्याला हा शब्द सुचतो, क्षमा असावी. ब्रॅडफर्डच्या जॉर्ज लिंडो या कामगाराला न केलेल्या दरोड्याबद्दल शिक्षा झाली, त्याच्या सुटकेसाठी लोक रस्त्यावर उतरले. त्या मोहिमेतली कविता पहिल्याच रेकॉर्डवर आहे, आणि लिंडो पुढे निर्दोष सुटला. २३ एप्रिल १९७९ रोजी साउथॉल या पंजाबी वस्तीत नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध निदर्शने झाली, तिथे ब्लेअर पीच हा न्यूझीलंडचा गोरा शिक्षक डोक्यावर घाव बसून मेला. १९८० च्या ‘बेस कल्चर’ रेकॉर्डवर त्याच्यासाठी कविता आली. त्याला बहुधा पोलिसानेच मारले, हे पोलिसांचा स्वतःचा चौकशी अहवाल सांगतो. तो अहवाल लोकांसमोर यायला २०१० साल उजाडले. कविता तीस वर्षे आधी तेच सांगत होती.

पण बँडची खरी कसोटी १९८१ साली लागली. १८ जानेवारीच्या पहाटे लंडनच्या न्यू क्रॉस रोडवरच्या एका घरात वाढदिवसाच्या मेजवानीत आग लागली आणि तेरा तरुण मुलेमुली गेली. त्या भागात वंशद्वेष्ट्यांचे हल्ले आधी झाले होते, त्यामुळे लोकांना घातपाताचा संशय आला. सरकारकडून दुःखाचा साधा शब्दही वेळेवर आला नाही. तेव्हा जॉन ला रोझ यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती बनली. पुस्तकविक्रेते, प्रकाशक आणि कवी असलेले ला रोझ हे लिंटनचे गुरू. लिंटनही समितीत होता. समितीने २ मार्च १९८१ रोजी मोर्चा ठरवला. तो सोमवार होता. सुट्टीचा दिवस मुद्दाम टाळला, कारण कामावरून आणि शाळेतून उठून आलेला माणूस सरकारला दिसतो. सुमारे वीस हजार लोक न्यू क्रॉसहून हाइड पार्कपर्यंत चालले. तोवर इंग्लंडने काळ्या लोकांचा एवढा मोर्चा पाहिला नव्हता.

पुढच्याच महिन्यात पोलिसांनी ब्रिक्स्टनमध्ये ‘स्वॅम्प’ नावाची झडती मोहीम काढली, काही दिवसांत नऊशेहून अधिक लोकांना रस्त्यात अडवले आणि वस्तीचा भडका उडाला. आगीवरची आणि उठावावरची अशा दोन्ही कविता ‘मेकिंग हिस्टरी’ या रेकॉर्डवर आहेत. त्यातली आगीची कविता नाचगाण्याच्या लयीत सुरू होते. घर भरलेले, पोरे नाचत आहेत, बेस घुमतो आहे. मग लय तीच राहते आणि बातमी येते. ती ऐकताना पायाने धरलेला ठेका थांबवावा की चालू ठेवावा ते कळत नाही. २००४ साली दुसऱ्यांदा चौकशी झाली, तिचाही निर्णय पहिल्यासारखाच अनिर्णित.

याच १९८१ साली लिंटनने स्वतःची ‘एलकेजे रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली. आयलंडसारखी मोठी कंपनी त्याच्या रेकॉर्ड काढत असताना हा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. आमच्या मते त्याने स्वतःला कधी पूर्णवेळ कलावंत मानले नाही. तो चळवळीतला माणूस, रेकॉर्ड हे त्याचे एक काम. दौरे कमी झाले तेव्हा तो रेडिओवर जमैकाच्या संगीताचा इतिहास सांगत होता, दूरचित्रवाणीवर ‘बांडुंग फाइल’ या कार्यक्रमासाठी बातमीदारी करत होता. आपल्या कंपनीतून त्याने जीन ‘बिंटा’ ब्रीझ या कवयित्रीला पुढे आणले. या क्षेत्रात तोवर सगळे पुरुषच होते. जमैकाच्या मायकेल स्मिथची रेकॉर्ड त्याने बोव्हेलसह १९८२ मध्ये घडवली. वर्षभराने, १७ ऑगस्ट १९८३ रोजी, या तरुण कवीला जमैकात रस्त्यावर दगडांनी ठेचून मारले. आदल्या दिवशी त्याने एका राजकीय सभेत प्रश्न विचारले होते.

सगळेच आम्हांला आवडते असे नाही. ‘डब बँड’चे कार्यक्रम एका चालीचे होतात, आणि काही जागी वादन इतके गोड आहे की आतला विखार सहज निसटतो. ऐकणारी गोरी पोरे किती समजून नाचत होती, तेही सांगणे कठीण. पण व्यासपीठावर या माणसाने कधी उड्या मारल्या नाहीत. सूट, टाय, डोक्याला टोपी, डोळ्यांवर चष्मा, सरळ उभे राहायचे, कविता म्हणायची, मग वाद्यांसाठी बाजूला व्हायचे. आपल्या जुन्या जलशाच्या मास्तरांची आठवण व्हावी.

आणि प्रत्येक कविता मोर्चाचीच आहे असेही नाही. १९८२ साली त्याचे वडील जमैकात वारले. त्यांच्यावरच्या ‘रेगे फाय डाडा’मध्ये तो बापाशी बोलतो आणि बोलता बोलता त्या बेटावरची महागाई, गोळीबार, पोटभर न मिळणारे अन्न सगळे येते. बाप गरिबीत गेला, हे मुलाला परदेशातून पाहावे लागले. ज्यांची मुले पोटासाठी दूर आहेत त्या घरांना ही कविता समजावून सांगायला नको.

२००२ साली पेंग्विनच्या ‘मॉडर्न क्लासिक्स’ मालेत त्याच्या निवडक कविता आल्या. त्या मालेत हयात असताना आलेला हा दुसरा कवी आणि कृष्णवर्णीय म्हणून पहिला. ज्या बोलीला निरक्षरांची म्हटले तीच बोली, तेच शब्द. २०२० मध्ये त्याला पेन पिंटर पारितोषिक मिळाले आणि २०२३ मध्ये ‘टाइम कम’ हा निवडक गद्य लेखांचा संग्रह निघाला.

आपल्या गायन पार्टीतल्या तरुणांना ऐकायचे असेल तर त्यांनी ‘फोर्सेस ऑफ व्हिक्टरी’पासून सुरुवात करावी. मोबाइलच्या बारीक आवाजावर ऐकू नये, बेस कळणार नाही. पहिल्यांदा शब्द समजणार नाहीत. ते इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनाही समजत नाहीत. घरातल्या मुलाला किंवा मुलीला छापील कविता मोठ्याने वाचायला सांगावी, अक्षरे पाहून नव्हे तर उच्चार करून, म्हणजे शब्द आपोआप उलगडतात. मग या रेकॉर्डवरच्या आणि ‘बेस कल्चर’वरच्या काही गाण्यांची गायनाविना असलेली ‘एलकेजे इन डब’ ही १९८० सालची आवृत्ती लावावी, आणि ढोलकीवाल्याला शेजारी बसवावे.